समुद्रतळाची साक्ष

गांवोगांव फिरणारा जोशी पुढचें भविष्य सांगूं लागला, कीं घरांतील चतुर म्हातारी त्याला मध्येंच थांबविते आणि अगोदर मागचें विचारते. भावंडें किती, घरचा कर्ता कोणत्या सालीं गेला, मोठें दुखणें केव्हां आलें, हें बरोबर निघालें तर पुढचें ऐकावयाचें. नाहीं तर पसाभर तांदूळ झोळींत घालून त्याला वाटेस लावावयाचें. या युक्तींत व्यवहारज्ञान पुष्कळ आहे. उद्यांच्या गोष्टीची परीक्षा आज होऊं शकत नाहीं, कालच्या गोष्टीची होऊं शकते. मात्र जोशीबुवांनीं तें मागचें शेजारच्या ओसरीवर बसून आधींच विचारून घेतलेलें नाहीं ना, एवढी खात्री करून घ्यावी लागते.

आजच्या शास्त्रांतही भविष्य सांगणारी एक विद्या आहे. ती ग्रहांवरून सांगत नाहीं, गणितावरून सांगते. आणि तिच्या भाकितांवर राष्ट्राराष्ट्रांमधील करार अवलंबून आहेत. कोळसा आणि खनिज तेल मोठ्या प्रमाणावर जाळूं लागण्यापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत कार्बन डाय-ऑक्साइड या वायूचे सुमारें २८० भाग होते; आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हा वायु पृथ्वीची उष्णता कोंडून धरतो. त्याचें प्रमाण दुप्पट झालें, आणि समुद्रासह सारी पृथ्वी त्या नव्या स्थितींत स्थिरावली, तर तिचें सरासरी तापमान किती अंशांनीं चढेल? या एका आकड्याला हवामानशास्त्रज्ञ हवामानाची संवेदनशीलता म्हणतात. १९७९ सालीं अमेरिकेंत ज्यूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखालीं बसलेल्या समितीनें हा आकडा दीड ते साडेचार अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान असावा, असें सांगितलें. दीड आणि साडेचार यांत तिपटीचें अंतर आहे. दीड हा खरा असेल तर आपले उद्योगधंदे सावकाश बदलण्यास मनुष्यजातीला थोडी सवड मिळते. साडेचार हा खरा असेल तर आज जन्मलेलीं मुलें म्हातारीं होण्यापूर्वींच बंदरें, पिकें आणि नद्यांचें पाणी यांचे हिशेब नव्यानें मांडावे लागतील. तेव्हां हा आकडा केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा विषय नव्हे.

हें भाकित ज्या साधनानें केलें जातें त्याला मॉडेल म्हणतात. मॉडेल म्हटलें कीं डोळ्यांपुढें लांकडाची किंवा मातीची प्रतिकृति उभी राहते. येथें तसें कांहीं नसतें. पृथ्वीवरील सर्व वातावरणाचे आणि समुद्राचे गणकयंत्राच्या हिशेबांत लहान लहान खण पाडलेले असतात. त्यांतील एकेक खण पुष्कळदां शंभर किलोमीटर लांब-रुंद असतो. प्रत्येक खणांतील हवा कशी हलेल, किती तापेल, किती बाष्प धरील, शेजारच्या खणाला काय देईल आणि त्याच्याकडून काय घेईल, हें गतीच्या व उष्णतेच्या नियमांवरून घटकेघटकेला मोजीत जावयाचें, आणि असें मोजतां मोजतां शेंकडों वर्षें ओलांडावयाचीं. जपानांत जन्मलेले सयुकुरो मानाबे यांनीं अमेरिकेंत रिचर्ड वेदरल्ड यांच्यासह १९६७ सालीं या विद्येचा पाया घालणारें गणित प्रसिद्ध केलें. त्या कार्याबद्दल २०२१ सालीं, वयाचीं नव्वद वर्षें पुरीं झाल्यावर, पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचा वांटा त्यांना मिळाला.

नियमांपुरती ही विद्या भक्कम आहे. तिची दुखरी जागा म्हणजे ढग. ढग हा त्या शंभर किलोमीटरच्या खणापुढें इतका लहान, कीं गणिताला तो दिसतच नाहीं. मग कोणत्या दमट हवेंत किती ढग धरावे, त्यांत पाण्याचे थेंब किती आणि बर्फाचे कण किती, याविषयीं कांहीं अंदाजी नियम बांधून ते मॉडेलांत बसवावे लागतात. खालचे दाट पांढरे ढग ऊन परतवून पृथ्वीला थंड ठेवतात. उंचावरचे विरळ ढग तिची उष्णता अडवून धरतात. जग तापूं लागलें म्हणजे यांपैकीं कोणते वाढतील व कोणते घटतील, यावर दीड कीं साडेचार हा बहुतेक सारा वाद येऊन ठेपतो.

मग मॉडेलाची परीक्षा गेल्या शंभर-दीडशें वर्षांच्या नोंदींवर कां घेऊं नये? ती घेतली जाते, आणि बहुतेक मॉडेलें तींत उत्तीर्णही होतात. पण ही परीक्षा सोपी आहे. एक तर या काळांतील तापमानाची वाढ एका अंशाहून थोडीशीच अधिक. दुसरें असें, कीं ज्या धुराड्यांतून कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडला त्यांच्याच धुरांतील गंधकयुक्त कणांनीं ऊन अडवून पृथ्वीला थोडें निवविलें. तें नेमकें किती, हें सांगणें कठीण आहे. त्यामुळें एखादें मॉडेल जग फाजील तापवीत असलें तरी धुरानें फाजील निववून तें आपली जमाखर्चाची वही जुळवून दाखवूं शकतें. शिवाय १९ व्या व २० व्या शतकांतील तापमान किती चढलें हें मॉडेल रचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतें. जोशीबुवा ओसरीवर बसून आलेले आहेत! खरी परीक्षा घ्यावयाची तर आजच्या जगाहून अगदीं निराळें जग मॉडेलापुढें ठेविलें पाहिजे.

असें जग सुमारें २१ हजार वर्षांपूर्वीं होऊन गेलें. तेव्हां शेवटचें हिमयुग ऐन भरांत होतें. आजच्या कॅनडाचा बहुतेक भाग आणि उत्तर युरोप बर्फाच्या थरांखालीं गाडला गेला होता. कांहीं ठिकाणीं या थरांची जाडी तीन किलोमीटरांच्या घरांत होती. एवढें पाणी जमिनीवर गोठून अडकल्यामुळें समुद्राची पातळी आजच्यापेक्षां सुमारें १२० मीटर खालीं गेली होती. अंटार्क्टिकावरील जुन्या बर्फांत कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून, त्या वेळीं कार्बन डाय-ऑक्साइडचें प्रमाण दहा लक्षांत १९० भागांच्या आसपास उतरलें होतें, हेंही कळलें आहे. म्हणजे थंडीचीं मुख्य कारणें हातीं आहेत. तीं मॉडेलाला द्यावयाचीं आणि विचारावयाचें, कीं समुद्र किती निवाला होता तें सांग. मॉडेल उत्तर देतें. पण तें पडताळावें कशावर? त्या काळीं उष्णतामापक घेऊन समुद्रांत कोणी उतरलेला नव्हता. जो होता तो वाळूच्या कणाएवढा एक जीव होता.

या जीवांस फोरॅमिनिफेरा म्हणतात. त्यांच्यापैकीं कित्येक जाती समुद्राच्या वरच्या, उजेडाच्या पाण्यांत तरंगत राहतात आणि स्वतःभोंवतीं चुन्याचें अत्यंत नाजूक कवच बांधतात. जीव मेला कीं कवच तळाशीं जातें. १८७२ ते १८७६ या वर्षांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या 'चॅलेंजर' या इंग्रज जहाजानें, महासागराच्या तळाचे अफाट प्रदेश याच कवचांच्या पांढुरक्या गाळानें आच्छादलेले आहेत, असें दाखवून दिलें. खोल समुद्रांत हजार वर्षांत या गाळाचा थर पुष्कळ ठिकाणीं जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर चढतो. पुढें बोर्ये कुलेनबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञानें दट्ट्याची लांब नळी तळांत खुपसून गाळाचा अखंड स्तंभ वर काढण्याची युक्ति शोधली, आणि १९४७-४८ सालीं 'अल्बाट्रॉस' जहाजानें त्या नळीनें दहा मीटरांहून लांब स्तंभ बाहेर काढले. लक्षावधि वर्षांची बखर अशी पानांच्या क्रमानें मनुष्याच्या हातीं आली. प्रश्न राहिला तो ती वाचण्याचा.

वाचण्याची पहिली किल्ली शिकागो येथील रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड यूरी यांनीं दिली. ऑक्सिजनचे अणु सर्व सारख्या वजनाचे नसतात; बहुतेक सोळा वजनाचे, तर थोडे अठरा वजनाचे असतात. पाणी जितकें थंड, तितके त्यांत घडलेल्या चुन्यांत जड अणु किंचित् अधिक शिरतात. यूरी यांचें हें गणित १९४७ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच्या आधारें इटलींत जन्मलेले त्यांचे तरुण सहकारी चेझारे एमिलियानी यांनीं १९५५ सालीं कॅरिबियन समुद्रांतील कवचांवरून असें अनुमान काढलें, कीं हिमयुगांत तेथील पाणी सुमारें सहा अंशांनीं थंड झालें होतें.

साक्ष इतकी सुबक, कीं तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटावा. पण केंब्रिजच्या निकोलस शॅकल्टन यांनीं तिची उलटतपासणी घेतली. समुद्राची वाफ होतांना हलके अणु आधीं उडून जातात. त्यांचें हिम पडून तें जमिनीवरच अडकून राहिलें, तर मागें उरलेला समुद्र आपोआपच जड अणूंनीं समृद्ध होतो, आणि त्यांत बांधलेलें कवचही तसेंच होतें, मग पाणी निवालेलें असो वा नसो. म्हणजे कवचांतील एकाच खुणेचीं कारणें दोन. त्यांची फोड करण्यास शॅकल्टन यांनीं समुद्राच्या तळाशीं राहणाऱ्या जातींचीं कवचें तपासलीं. तळाचें पाणी आजच गोठण्याच्या सुमारास आलेलें असतें. तें आणखी थंड होणार तें किती होणार? तरीही त्या कवचांतील फरक जवळजवळ वरच्या कवचांइतकाच भरला. १९६७ सालीं त्यांनीं निर्णय दिला, कीं ही खूण मुख्यतः बर्फाच्या सांठ्याची आहे, उष्णतेची थोडी. एमिलियानी यांचे सहा अंश गेले.

त्यानंतर अमेरिकेंतील संशोधकांनीं निराळी वाट धरली. कोणत्या पाण्यांत फोरॅमिनिफेराच्या कोणत्या जाती किती असतात, याची आजच्या समुद्रावरून मोजदाद करावयाची, आणि जुन्या थरांतील जातींच्या मिश्रणावरून त्या वेळच्या पाण्याचें तापमान ताडावयाचें. बाजारांत अननस व आंबे अधिक दिसले म्हणजे गांव उष्ण प्रदेशांतलें, सफरचंदें दिसलीं म्हणजे थंड प्रदेशांतलें, अशा मासल्याचें हें अनुमान आहे. जॉन इम्ब्री व निल्व्हा किप यांनीं १९७१ सालीं त्याचें गणित बसविलें. पुढें 'क्लायमॅप' या नांवाच्या मोठ्या योजनेनें जगांतील समुद्रांचे शेंकडों नमुने तपासून १९७६ सालीं हिमयुगांतील ऑगस्ट महिन्याच्या समुद्राचा नकाशा काढला. नकाशावर काळ १८ हजार वर्षांपूर्वींचा घातला होता. रेडिओ-कार्बनच्या घड्याळाची चूक पुढें दुरुस्त झाल्यावर तोच काळ २१ हजार वर्षांचा ठरला. या नकाशाप्रमाणें सर्व समुद्र मिळून सरासरीनें अवघे २.३ अंश निवाले होते. उत्तर अटलांटिक गारठला होता खरा. परंतु उष्ण कटिबंधांतील समुद्र जेमतेम बदलला होता, आणि पॅसिफिकचा कांहीं भाग तर आजच्याहूनही ऊबदार दाखविलेला होता.

एवढ्या परिश्रमांनीं काढलेला नकाशा खोटा म्हणण्याची छाती कोणाची होणार? हा नकाशा म्हणजे कित्येक वर्षें मॉडेलांच्या परीक्षेची उत्तरपत्रिकाच होऊन बसला. १९८५ सालीं मानाबे व अँथनी ब्रॉकोली यांनीं आपल्या मॉडेलाचीं ढगांच्या बाबतींत भिन्न असलेलीं दोन रूपें घेऊन हिमयुग मोजलें आणि तें या नकाशाशीं ताडून पाहिलें. त्याच वर्षीं न्यूयॉर्क येथें डेव्हिड रिंड व डोरोथी पेटीट यांनीं उलट बाजूनें सुरुवात केली. त्यांनीं क्लायमॅपचा समुद्र जसाच्या तसा मॉडेलाला दिला आणि जमिनीवर काय घडतें तें पाहिलें. जमिनीचा पुरावा स्वतंत्र होता. हवाई बेटें, न्यू गिनी व अँडीज यांवरील जुन्या हिमनद्यांच्या खुणांवरून, उष्ण प्रदेशांतील पर्वतांवर हिमरेषा सुमारें नऊशें ते हजार मीटर खालीं उतरली होती, असें दिसत होतें. हजार मीटर वर चढलें कीं हवा ढोबळ मानानें सहा अंशांनीं थंड होते. म्हणजे या पर्वतांवर पांच-सहा अंशांची घट मानावी लागते. पर्वतावर एवढा गारठा, आणि त्याच्या पायथ्याशीं लागलेला समुद्र मात्र जसाच्या तसा, हें कसें संभवावें? मॉडेलानेंही तेंच म्हटलें: हा समुद्र खरा असेल तर ही हिमरेषा होऊं शकत नाहीं. समुद्र आणखी दोन अंशांनीं थंड धरला, तेव्हां कोठें जमिनीचा मेळ बसूं लागला.

येथें खटल्याला विलक्षण वळण लागलें. आरोपी म्हणून मॉडेल उभें होतें, आणि तें साक्षीदाराकडेच बोट दाखवूं लागलें. शास्त्रांत अशा वेळीं मॉडेलवाल्यांच्या म्हणण्याला फारशी किंमत येत नाहीं, आणि येऊं नये हेंच योग्य. कारण गणिताशीं न जुळणारा पुरावा चुकीचाच असला पाहिजे, असें म्हणण्याची मुभा एकदां दिली, कीं मग परीक्षेला अर्थच उरत नाहीं. निकाल द्यावयाचा तर तो नव्या, परस्परांशीं संबंध नसलेल्या साक्षीदारांनींच द्यावयास हवा होता.

ते हळूहळू पुढें आले. पोवळ्याच्या सांगाड्यांत कॅल्शियमच्या जागीं थोडें स्ट्राँशियम शिरतें, आणि पाणी थंड असेल तर अधिक शिरतें. १९९४ सालीं थॉमस गिल्डरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वेस्ट इंडीजमधील बार्बेडोस बेटाजवळच्या बुडालेल्या प्रवाळांवरून पांच अंशांची घट मोजली. पुढच्याच वर्षीं मार्टिन स्टुटे यांनीं ब्राझिलच्या ईशान्य भागांतील भूगर्भांत हजारों वर्षें कोंडून राहिलेल्या पाण्याची परीक्षा केली. पावसाचें पाणी जमिनींत मुरतांना त्यांत आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन असे निष्क्रिय वायु विरघळतात. थंड पाण्यांत ते जास्त विरघळतात, आणि कोणत्याही पदार्थाशीं संयोग पावत नसल्यामुळें जसेच्या तसे राहतात. त्या सखल, उष्ण प्रदेशांतही हिमयुगांत ५.४ अंशांची घट झाली होती, असें या वायूंनीं सांगितलें. वाऱ्यापावसाची, जीवजंतूंच्या आवडीनिवडीची भेसळ यांत नाहीं. हा साक्षीदार सर्वांत निःस्पृह म्हणावा लागेल.

इतरांविषयीं मात्र तसें म्हणतां येत नाहीं. समुद्रांतील कांहीं सूक्ष्म शेवाळें आपल्या शरीरांत एका जातीचा मेदयुक्त पदार्थ तयार करतात, आणि पाण्याच्या उष्णतेप्रमाणें त्याची रेणुरचना बदलतात. गाळांत तो लक्षावधि वर्षें टिकतो. (या शेवाळांतील प्रमुख जातीच्या नांवांत एमिलियानी यांचें नांव गुंफलेलें आहे.) पण पाणी २८-२९ अंशांच्या पुढें गेलें कीं हें माप संपतें, आणि उष्ण कटिबंधांत नेमकी तेथेंच गरज असते. फोरॅमिनिफेराच्या कवचांतील मॅग्नेशियम दर अंशामागें सुमारें नऊ टक्क्यांनीं वाढतें. परंतु खोल पाण्यांत कवच झिजूं लागलें म्हणजे मॅग्नेशियमचा भाग आधीं निघून जातो, आणि पाणी होतें त्याहून थंड भासतें. प्रत्येक साक्षीदाराला असें एखादें वैगुण्य आहे. त्यांची किंमत वाढते ती वैगुण्यें निरनिराळीं असल्यामुळें. क्लायमॅपची चूकही याच प्रकाशांत उलगडली. फार उष्ण पाण्यांत तापमान दोन-तीन अंशांनीं बदललें तरी जीवांच्या जाती फारशा बदलत नाहींत. शिवाय त्या अन्नाच्या पुरवठ्याप्रमाणेंही बदलतात. बाजारांतील फळें पाहून गांव उष्ण आहे एवढें समजतें. किती उष्ण तें समजत नाहीं.

निकाल पूर्णपणें एका बाजूचा लागला असें मात्र नव्हे. २००९ सालीं 'मार्गो' या योजनेनें सर्व प्रकारचे पुरावे एकत्र करून उष्ण कटिबंधांतील समुद्राची घट १.७ अंश धरली. ती क्लायमॅपहून अधिक, पण प्रवाळांच्या पांच अंशांहून फार कमी आहे. या नकाशावरून २०११ सालीं आंद्रेआस श्मिटनर व सहकारी यांनीं संवेदनशीलता २.३ अंश काढली. २०२० सालीं जेसिका टिअर्नी यांच्या मंडळीनें जातींची मोजदाद बाजूस ठेवून केवळ रासायनिक पुरावे घेतले, तेव्हां साऱ्या पृथ्वीची घट ६.१ अंश व संवेदनशीलता ३.४ अंश निघाली. येथें एक सावधगिरी हवी. जेथें गाळाचे नमुने नाहींत त्या रिकाम्या जागा या मंडळीनें मॉडेलाच्या साहाय्यानेंच भरल्या. नमुन्यांना अनुसरून भरल्या हें खरें. तथापि साक्षीदार आणि आरोपी यांची थोडी कुजबूज झालीच. २०२२ सालीं जेम्स ॲनन यांनीं पुष्कळ निरनिराळ्या मॉडेलांचा आधार घेऊन तसाच हिशेब केला, तेव्हां पृथ्वीची घट साडेचार अंश आली. साडेचार आणि सहा यांतील अंतर अजून मिटलेलें नाहीं.

असें असूनही या पुराव्यानें काय साधतें, याचें उत्तम उदाहरण कोलोरॅडो प्रांतांतील बोल्डर येथें घडलें. तेथील राष्ट्रीय वातावरण-संशोधन केंद्राचें मॉडेल जगांतील अग्रगण्य मॉडेलांपैकीं एक आहे. त्याच्या आधींच्या आवृत्तीची संवेदनशीलता चार अंशांच्या आसपास होती. नव्या आवृत्तींत ढगांचे नियम सुधारले गेले. आजचे ढग, आजचा पाऊस पूर्वींपेक्षां चांगला जुळूं लागला. २० व्या शतकाची तापमानवाढही ठीक आली. फक्त संवेदनशीलता ५.३ अंशांवर गेली. हें खरें असेल तर चार्नी समितीची वरची मर्यादाही ओलांडली जाते. त्याच सुमारास जगांतील आणखीही कित्येक नवीं मॉडेलें पांच अंशांच्या पलीकडे गेलीं होतीं, त्यामुळें हा प्रश्न घाईचा होऊन बसला. जग खरोखरच समजुतीहून अधिक नाजूक आहे, कीं ढगांच्या नियमांत कोठें खोट आहे?

आजच्या नोंदींवरून याचा उलगडा होईना. जियांग झू, बेट ऑटो-ब्लिझनर व क्रिस्टोफर पोल्सन यांनीं मॉडेलाला भूतकाळांत नेलें. प्रथम गेले ते पांच कोटी वर्षांपूर्वींच्या इओसीन काळांत. तेव्हां ध्रुवांवर बर्फ नव्हतें. आजच्या उत्तर कॅनडांतील एल्झमियर बेटावर सुसरींचे भाऊबंद वावरत होते. या काळाच्या साक्षींतही पूर्वीं एक घोटाळा होऊन गेलेला आहे. समुद्राच्या तळाशीं कोट्यवधि वर्षें पडलेलीं कवचें थंड पाण्यांत हळूहळू नव्यानें स्फटिकरूप घेतात, आणि मग तीं वरच्या पाण्याची नव्हे तर तळाची उष्णता सांगूं लागतात. त्यामुळें त्या काळचे उष्ण समुद्रही गार वाटत. २००१ सालीं पॉल पिअरसन यांनीं टांझानियांतील घट्ट चिकणमातींत कांचेसारखीं स्वच्छ राहिलेलीं कवचें तपासून ही चूक दाखविली. असा हिशेब साफ झालेल्या काळांत बोल्डरच्या मॉडेलाला नेलें, तेव्हां उष्ण कटिबंधांतील जमिनीचें तापमान त्यानें ५५ अंशांच्या वर चढविलें. एवढ्या उष्णतेंत वनस्पतींना आपलें अन्नच तयार करतां येत नाहीं. आणि त्या काळच्या दक्षिण अमेरिकेंत तर घनदाट अरण्यांचे अवशेष सांपडतात. हा लेख २०२० सालीं प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षीं हिमयुगाची पाळी आली. मॉडेलानें पृथ्वी अकरा अंशांहूनही अधिक गोठविली. पुरावा म्हणतो साडेचार ते सहा! टिअर्नी बरोबर कीं ॲनन बरोबर, हें ठरविण्याचीही येथें गरज पडली नाहीं.

खरें कौतुक त्यापुढचें आहे. मॉडेल नापास झालें एवढ्यावर ते थांबले नाहींत. चूक कोठें आहे तें शोधण्यासाठीं त्यांनीं ढगांचे नियम एकेक बदलून हिमयुग पुन्हां पुन्हां मोजलें. सांपडली ती गोष्ट क्षुल्लक वाटण्यासारखी होती. ढगांत बर्फाचे कण किती होऊं द्यावयाचे यावर गणितांत एक मर्यादा घातलेली होती. ती अयोग्य होती. तिच्यामुळें ढगांत बर्फ होतें त्याहून कमी राही. आणि जग तापतां-निवतां ऊन परतविण्याची ढगांची शक्ति वाजवीपेक्षां फार बदले. ती मर्यादा काढून टाकली, आणि ढगांतील घडामोडी मोजण्याच्या पायऱ्या अधिक बारीक केल्या, तेव्हां हिमयुगांतील फाजील थंडी बहुतांशीं नाहींशी झाली. २० व्या शतकाचा मेळ तर पूर्वींसारखाच राहिला. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या या दुरुस्त आवृत्तीची संवेदनशीलता सुमारें चार अंश आहे. म्हणजे आजच्या आकाशाकडे पाहून जी चूक दिसली नसती, ती वीस हजार वर्षांपूर्वींच्या चिखलानें दाखवून दिली.

२०२१ सालीं आंतरराष्ट्रीय हवामान मंडळानें संवेदनशीलतेचा आपला अंदाज प्रसिद्ध केला: मध्यमान तीन अंश, आणि बहुधा अडीच ते चार अंशांच्या दरम्यान. चार्नी समितीची तिपटीची दरी चाळीस वर्षांनंतर इतकी अरुंद झाली. याचें श्रेय उपग्रहांनाही आहे आणि गेल्या शतकांतील तापमानाच्या नोंदींनाही. पण हवामान मंडळानें हिमयुगाच्या व इतर प्राचीन काळांच्या पुराव्याला त्यांच्या बरोबरीची स्वतंत्र बैठक दिली, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. दीड अंशाची आशा या पुराव्यांपुढें जवळजवळ मावळली आहे. पांच अंशांची भीतिही पुष्कळ ओसरली आहे.

या कामांत हिंदुस्थानचा समुद्र थोडा आडमुठा साक्षीदार आहे. नैर्ऋत्येचा मोसमी वारा उन्हाळ्यांत सोमालिया व ओमान यांच्या किनाऱ्यावरून पाणी ढकलून नेतो आणि त्याच्या जागीं खालचें थंड पाणी वर येतें. हिमयुगांत हा वारा मंदावला होता. म्हणजे एकीकडे सर्व जग निवत असतां अरबी समुद्राच्या त्या भागांत वर येणारें थंड पाणी कमी झालें. दोन कारणें एकमेकांविरुद्ध ओढूं लागलीं, आणि गाळांतील खुणेंत दोहोंची बेरीज उमटली. ही फोड करणें म्हणजेच जुन्या मोसमी पावसाचा इतिहास वाचणें होय. १९६६ सालीं स्थापन झालेल्या, गोव्यांत दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंत अशा गाळांचा अभ्यास चालतो. आणि पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेनें पृथ्वीचें जें मॉडेल रचलें आहे, तें मॉडेलांच्या जागतिक तुलनेंत भाग घेणारें हिंदुस्थानांतील पहिलें मॉडेल होय. दोन्ही ठिकाणें एकमेकांपासून आगगाडीच्या एका रात्रीच्या अंतरावर आहेत.

२०१५ सालीं 'जॉइडिस रिझोल्यूशन' हें वेधनाचें जहाज आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरील लक्ष्मी खोऱ्यांत आलें आणि त्यानें समुद्रतळांत खोल भोंकें पाडून गाळाचे व खडकाचे स्तंभ वर काढले. हिंदी महासागरांतील असे स्तंभ जपानांत कोची येथील कोठारांत थंड जागीं ठेवतात. प्रत्येक स्तंभ उभा चिरलेला असतो. एका अर्ध्यांतून जगभरच्या संशोधकांना मागणीप्रमाणें चिमूट-चिमूट गाळ दिला जातो. दुसरा अर्धा जपून ठेवलेला असतो.